पान अकरा

इर्मा : तसं नाही चालणार, नेलिदा. आधी पुस्तकातलं चांगलं सांगायचं, दोष मग. चांगलं एकही सापडलं नाही, तर दोष काढायचा हक्क नाही.

नेलिदा : माहीत आहे मला.

इर्मा : असायलाच हवं. नियम तूच आणलास. मी त्या कोल्ह्याच्या पुस्तकाची सालटी काढली होती, तेव्हा.

रामिरो : आणि इर्माबाईंनी तो इमानेइतबारे पाळला. आम्हा पाराना शहरवाल्यांना वाटायचं, बक्षीस समितीचा अध्यक्ष म्हणजे नियम मोडायला बसवलेला माणूस.

इर्मा : तू गप्प बस. तुझं चांगलं सांगून झालं?

रामिरो : झालं की. धरणात बुडालेलं गाव, आजोबा, नात, होडी. रात्री पाण्याखालून चर्चची घंटा ऐकू येते. चित्रांत खिडक्यांतून मासे फिरतायत. माझ्या भाचीनं तीनदा वाचून घेतलं. एक पान अकरा तेवढं...

इर्मा : दोष नंतर.

रामिरो : दोष नाही हो, खटकलं. उद्या घर पाण्याखाली जाणार आणि आई आज फरशी झाडतेय? कोण झाडेल? पोरं हसतील.

इर्मा : नंतर म्हटलं ना. नेलिदा, तुझी पाळी.

रामिरो : आणि तो चहाचा भोपळा धरून बसलात कधीच्या. मायक्रोफोन नाही तो, नेलिदाबाई. येर्बाचा चहा प्या नाहीतर पुढे द्या, निवतोय.

नेलिदा : घे. मला पुरे. मी सही करणार नाही एवढंच लिहून घ्या, इर्माबाई.

इर्मा : तिन्ही सह्या लागतात. तू नाही केलीस तर यंदा बक्षीसच नाही.

नेलिदा : माहीत आहे.

रामिरो : पण का? चार महिने पुस्तकं वाचतोय आपण. त्यातल्या त्यात हेच बरं, असं तुम्हीच बसमध्ये म्हणालात.

नेलिदा : म्हणाले. बरं आहेच ते. म्हणून तर. वाईट असतं तर कुणी वाचलं नसतं. बक्षीस मिळालं की प्रांतातल्या प्रत्येक शाळेत जाणार. माझ्याही. मग माझं गाव असं बुडालं, हेच खरं होऊन बसेल.

रामिरो : तुमचं गाव?

इर्मा : ती त्या गावची आहे, रामिरो. मला वाटलं तुला ठाऊक असेल.

रामिरो : नाही. मला वाटलं, नव्या गावातल्या शाळेत बदली झालीय त्यांची.

नेलिदा : बदलीच म्हण. सगळ्या गावाची झाली. आठ वर्षांची होते मी.

रामिरो : मग तर तुम्हाला आवडायला हवं. गाव आहे तसं खाली जपलेलं.

नेलिदा : खाली काही नाहीये. पाणी यायच्या आधी सगळं पाडलं. होड्यांना अडथळा नको म्हणून. शाळा पाडली तेव्हा आम्हाला ओळीत उभं करून दाखवली. आमचं घर बाबांनी स्वतः पाडलं, विटा नव्या घराला होतील म्हणून. नवी घरं सरकारनं बांधून ठेवलेली, सगळी एका साच्यातली. विटा अंगणात पडून राहिल्या.

रामिरो : आणि घंटा?

नेलिदा : नव्या चर्चमध्ये आहे. दर रविवारी वाजते. कुणी ऐकायला होडीतून जात नाही.

रामिरो : पण नेलिदाबाई, लहान मुलांचं पुस्तक आहे. बुलडोझर दाखवायचा का त्यांना?

नेलिदा : मला दाखवला होता.

(चुलीवर किटली शिट्टी वाजवते. कुणी उठत नाही.)

इर्मा : हे सगळं दोषात जाईल, आणि जायलाच हवं. पण हक्क मिळवायचा राहिलाय तुझा. एक चांगलं सांग. तुला अडवायला म्हणून नाही सांगत. तूच म्हणाली होतीस, गुणदोष दोन्ही लेखिकेकडे जातात, तिनं निदान एक बरा शब्द तरी वाचावा.

नेलिदा : पुस्तक द्या इकडे.

रामिरो : कितवं पान?

नेलिदा : अकरा.

रामिरो : झाडूचं?

नेलिदा : माझी आई झाडायची थांबेना. ट्रक दारात उभा, बाबा हाका मारतायत. सकाळी घर पाडायचंय हे तिला माहीत होतं. कोपरे झाडले, उंबरा पुसला, केर भरून बाहेर नेऊन टाकला. मग दाराला कुलूप लावलं. पुढे कधी कुणाला सांगितलं नाही तिनं, आणि आम्हीही नाही. ही लेखिका पस्तिशीची असेल, तेव्हा जन्मलीही नव्हती. हे तिनं मनानं नाही काढलेलं. कुणीतरी सांगितलंय तिला. म्हणजे आणखी कुणाच्या आईनंही झाडलं होतं.

इर्मा : लिहू हे?

नेलिदा : लिहा. चांगल्यात.

इर्मा : आणि सही?

नेलिदा : नाही. घंटा खाली नाहीये, इर्माबाई.

इर्मा : बरं. यंदा बक्षीस नाही. रामिरो, तुला पटतंय?

रामिरो : पटत नाही. भाची माझ्याशी बोलायची नाही. पण असू दे.

इर्मा : मग आता दोष. नेलिदाचा झाला. रामिरो, पान अकराबद्दल तुझं काय होतं?

रामिरो : काही नव्हतं. किटली उतरवतो मी.