प्लास्टिकचा नवरा

अंबडच्या एसटीत कौसल्याबाईंच्या शेजारी डॉक्टरकी शिकणाऱ्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या, तृप्ती आणि सुमेधा. जालना सुटल्यापासून त्यांचं भांडण चाललं होतं आणि बाई कान देऊन ऐकत होत्या.

“मैत्रीण असून मला दहापैकी दोनच मार्क दिलेस, तृप्ती?”

“सरांनीच सांगितल्तं, एकमेकींना खरे मार्क द्या म्हणून. माझा नवरा गेला आणि तू हसलीस.”

“नवरा? मरणाची बातमी सांगायच्या सरावासाठी आणलेला प्लास्टिकचा पुतळा होता तो!”

“पण मला त्याची बायको बनवल्तं ना सरांनी? मंग मला दुःख होणार न्हाई का?”

“मी मुद्दाम न्हाई हसले गं. भ्याले की मला हसूच येतं. आजोबा गेले तवा बी आलं. काका अजून बोलत न्हाईत माझ्याशी.”

तृप्ती तिच्याकडे तोंड करून बसली.

“उद्या खऱ्या माणसाच्या बायकोसमोर हसलीस तर? चल, परत सांग मला.”

“इथं? एसटीत?”

“इथंच. मी बायको.”

सुमेधानं ओठ घट्ट दाबले आणि तिचा हात धरला.

“ताई, आम्ही खूप प्रयत्न केले. पण ते गेले.”

सुमेधा हसली नाही. तृप्तीनं मात्र असा हंबरडा फोडला, की कंडक्टर धावत आला.

“काय झालं? कोण गेलं?”

कौसल्याबाईंनी तृप्तीचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पदरानं स्वतःचे डोळे पुसले.

“नवरा गेला हिचा,” त्या म्हणाल्या. “चांगला तरणाताठा होता.”