मी झेरॉक्सला गेले होते

...आणि वर मलाच विचारतात, "पुढे काय?" म्हणजे बघा, सकाळी दात घासत बाहेर येते, तोंडात अजून फेस, आणि बाबा वर्तमानपत्रामागून, "मग, पुढे काय?" अहो बाबा, पुढे चूळ भरणार, दुसरं काय सांगू? तुम्हाला सांगते, ज्यांनी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. केलंय ना, त्यांना कुणी कशी आहेस, बरी आहेस ना, असं विचारतच नाही, थेट पुढे काय. डॉक्टरला विचारतात का? केस कापणाऱ्याला विचारतात का? तो कापतो, आपण उठतो, पैसे देतो, संपलं.

आणि आम्हाला तरी काय माहीत होतं? पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, त्यात विषयाचं नाव, आणि बाहेर आठ बाण. राजदूत, संशोधक, पत्रकार, सल्लागार, निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्था, असे सात बाण भरले आणि आठव्यापुढे काहीच लिहिलं नाही, नुसता बाण. म्हणाले, "ही दिशा ज्याची त्याने शोधायची." आमच्या वर्गातले तीसच्या तीस जण त्या आठव्या बाणाने गेले. एक विमानतळावर लोकांना तुमची बॅग दोन किलो जास्त भरतेय म्हणून सांगतो. म्हणतो, खऱ्या वाटाघाटी त्या काट्यापाशी होतात. आणि एक हाच विषय शिकवतो, फळ्यावर वर्तुळ काढून.

बरं, शेजारच्या मावशी वेगळ्याच. त्यांना कुणीतरी सांगितलं, ही परदेशाचं शिकलीय. झालं! जिन्यात गाठतात, "अगं, आमच्या जावयाचा व्हिसा का गं अडकलाय?" मी दोन वर्षं समुद्री सीमांचे करार वाचले, डोळ्यांना चष्मा लागला, आणि मावशी, मला तुमच्या जावयाचं नावसुद्धा माहीत नाही हो!

तर अशात एक जाहिरात आली. एक संस्था, जिथे भांडणारे दोन पक्ष येऊन बसतात, बोलतात, आणि जमलं तर करार करून जातात. जागा एक. मी हरखून अर्ज भरायला घेतला, नाव, पत्ता, गुण, सगळं भराभर, आणि पान चार आलं. 'आपण मध्यस्थी केलेल्या एका प्रत्यक्ष वादाचे वर्णन करा. दोन्ही पक्षांचा अभिप्राय व सह्या जोडा.' प्रत्यक्ष! मी दोनशे वर्षांतली युद्धं तारखांसकट पाठ केली होती हो, पण प्रत्यक्ष मी काय मिटवलं होतं? त्या दिवशी होता शनिवार, अर्ज पोचायला हवा पुढच्या शुक्रवारी पाच वाजता, आणि बाबांनी आधीच जाहीर केलेलं, "हा शेवटचा अर्ज. नाहीतर पहिल्या तारखेपासून आत्याच्या दवाखान्यात." आत्या दातांची डॉक्टर. मी बाहेर बसून नंबर पुकारायचे. एम.ए., पहिला वर्ग, नंबर सतरा आत या!

आता सहा दिवसांत भांडण कुठून आणायचं? पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, आमच्या घरातच होतं की! खाली आम्ही, वरच्या मजल्यावर काका, आणि मधल्या जिन्यात चपलांचं कपाट. ते काकांनी आणलं, आमच्या दाराशी ठेवलं, त्यावर आपटून बाबांच्या करंगळीचं नख गेलं, बाबांनी ते चार पायऱ्या वर ढकललं, काकांनी परत खाली आणलं, आणि शेवटी ते बरोबर मधल्या वळणावर आडवं अडकून बसलं. चार वर्षं. आम्ही सगळे त्याच्या बाजूने अंग चोरून जातो. आत एक चप्पल नाही, कुणी ठेवतच नाही, ठेवली तर त्याला मान्यता दिल्यासारखं होईल ना! आणि सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. बाबा खालून ओरडणार, "वरच्यांना सांग, पंप बंद करा." काकांना ऐकू आलेलं असतं, बटणाजवळ उभेही असतात, पण हलणार नाहीत. मी जिना चढायचा, कपाटाला वळसा घालायचा, धापा टाकत म्हणायचं, "काका, पंप." मग ते बटण दाबणार. आई आणि काकू मात्र मागच्या दाराने रोज भाजीची देवाणघेवाण करतात, पण ते वेगळं राजकारण आहे.

मी म्हटलं, हे मिटवायचं. पण शास्त्रशुद्ध! पहिली गोष्ट, तटस्थ जागा. खालचा मजला नको, वरचा नको, जिना तर वादग्रस्तच. शेवटी मावशींनी त्यांची बाहेरची खोली दिली, जावयाचं बघते या अटीवर. दुसरी गोष्ट, टेबल. तीन दिवस टेबलात गेले हो! बाबा म्हणाले, "मी खिडकीकडे तोंड करून बसणार नाही, डोळ्यांवर येतं." हे मी वर जाऊन सांगितलं मात्र, काकांच्याही डोळ्यांवर यायला लागलं. मग समोरच्या शिंप्याकडून गोल टेबल आणलं, त्याच्यावर खडूच्या रेघा, आणि दोघं खिडकीला पाठ करून शेजारीशेजारी. चार वर्षांत इतके जवळ बसले नव्हते, पण बघत होते समोर, माझ्याकडे. आणि विचारत काय होते? "पुढे काय?"

पुढे मसुदा! मी 'कपाट' लिहिलं तर बाबा म्हणाले, "कपाट नाही, अडथळा लिही." काका माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांग, माझ्या पैशाचा आहे तो अडथळा." सांगायचं काय, दीड वीत अंतर दोघांत! मी लिहिलं, 'सदर वस्तू.' दोघंही माझ्यावर चिडले. सहा मसुदे झाले. अकरा कलमं झाली. कलम नऊ लिहायला मी पहाट केली, तुम्हाला खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटत होता. शुक्रवार उजाडला, साडेतीन वाजले, आणि गाडी अडली कुठे? बाबांना हवं 'हटवणे', काकांना हवं 'सरकवणे'. मी घड्याळ बघतेय, डोळ्यांपुढे आत्याचा दवाखाना. म्हटलं, सातवा मसुदा करते, 'स्थानांतर' घालते, दोन प्रती काढून आणते, कुणी उठायचं नाही!

धावत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथे रांग. माझ्यापुढच्या बाईंना आख्खं पुस्तक काढायचं होतं. त्यांचं झालं, तर मशीनमध्ये कागद अडकला. दुकानदार निवांत, एकेक झाकण उघडतोय, फुंकर मारतोय, मला विचारतोय, "काय शिकता?" मी सांगितलं. म्हणाला, "अरे वा. पुढे काय?" मी गोड हसले, कागद त्याच्या हातात होता.

पंचवीस मिनिटांनी परत आले तर आतून आवाज. मला वाटलं, संपलं, हातघाईवर आले. दार उघडलं, तर दोघं हसतायत. हसतायत म्हणजे काय, काका टेबलावर डोकं टेकून हसतायत. झालं होतं असं, की बाबा चष्मा घरी विसरले होते. मी असते तर मी वाचून दाखवलं असतं, पण मी नव्हते, म्हणून काकांनी न बोलता स्वतःचा चष्मा काढून पुढे केला. बाबांनी तो लावून टेबलावर राहिलेला सहावा मसुदा मोठ्याने वाचला, 'कलम नऊ. सदर वस्तूच्या सान्निध्यात उभय पक्ष पादत्राणांबाबत संयम बाळगतील.' आणि त्यापुढे त्यांना वाचताच येईना. अभिमानाचं कलम हो माझं!

"कपाटाचं काय ठरलं?" मी विचारलं. तर ते मावशींना देऊन टाकलेलं! त्यांना केव्हापासून हवंच होतं. दोघं भांडतात आणि मुलूख तिसरा नेतो, हे मी परीक्षेत वीस गुणांना लिहिलं होतं.

खरं सांगते, मला आनंद झाला. काकांच्या चष्म्यातले बाबा बघून रडूही आलं. पण सव्वाचार वाजले होते, आणि पान चार कोरं. त्यावर रकाना, 'मध्यस्थाचे योगदान.' मी म्हटलं, काका, लिहा काहीतरी. त्यांनी पेन घेतलं, बराच विचार केला आणि लिहिलं, 'ती बाहेर गेली.' खाली सही. बाबांनी त्याखाली लिहिलं, 'हे खरे आहे.' सही. चार वर्षांत दोघांचं एकमत झालेलं पहिलं वाक्य, आणि ते हे! बदलून घ्यायला वेळ नव्हता. पळत गेले, पाचला पाच कमी असताना अर्ज दिला, आणि घरी येऊन आत्याला विचारलं, नंबर कितीपर्यंत जातात?

आणि मुलाखतीला बोलावलं! तिघं बसलेले, मधे अध्यक्षबाई, पांढरे केस. पान चार वाचलं, शेजाऱ्याकडे सरकवलं, परत घेतलं, परत वाचलं.

"किती वेळ बाहेर होतात?"

"पंचवीस मिनिटं."

"आत डोकवावंसं नाही वाटलं?"

मी म्हटलं, "वाटत होतं हो, पण मशीनमध्ये कागद अडकला होता."

बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "आमच्याकडे येतो त्या प्रत्येकाला आतच बसायचं असतं."

लागले. लागले की नोकरीला! मोठी इमारत, जाड दार, आत लांब टेबल, दोन्हीकडे गंभीर माणसं. आणि बोलणी अडली, कुणी कुणाकडे बघेनासं झालं, की बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. मी उठते, कागद गोळा करते, बाहेर जाते. काढायला काही नसलं तरी जाते. मशीनपाशी उभी राहते, कोरे कागद खालीवर करते, दाराला कान लावायचा नाही असं स्वतःला बजावते, दोन पावलं दाराकडे, दोन मशीनकडे, जीव नुसता टांगणीला. आत खुर्च्या सरकतात, कुणीतरी खोकतं, मग कधीकधी कुणीतरी हसतं. काय झालं, कसं झालं, काही कळत नाही.

आणि संध्याकाळी घरी यावं, तर मोकळ्या जिन्यात दोघं भाऊ पायरीवर शेजारीशेजारी बसलेले, चपला वाटेत पसरलेल्या, मी त्यांवरून उड्या मारत घरात शिरणार, तर एका सुरात विचारतात, "काय गं, आज बोलणी अडली होती ना? पुढे काय झालं?"

मला काय माहीत? मी झेरॉक्सला गेले होते.