जास्वंदवाल्या काकांची चौकशी

मंडळी, बसा. मागे काही जण उभे आहेत, त्यांना टेकायला जागा द्या. जागा होते, मनात असली की होते.

आजचा प्रश्न साधा आहे. कुणी हाक मारली आणि आपण 'ओ' दिली, म्हणजे उत्तर दिलं का? तुम्ही म्हणाल, बाई, यात काय विचारायचं? दिलंच की. मग मला सांगा, घरचं माणूस काही विचारतं आणि आपण फोनमधून डोकं वर न काढता 'हं' म्हणतो, त्या 'हं'चा अर्थ काय? होय? नाही? की पुन्हा विचारू नकोस? बघा, पहिल्या रांगेतले काका हसले. काकू नाही हसल्या. काकूंना अर्थ ठाऊक आहे.

तर ऐका. नाशकात एका साडीच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक जाहिरातीचं ऑफिस होतं. माणसं पाच, खुर्च्या सात, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं – 'आपण टीम नाही, कुटुंब आहोत.' मालकाचं नाव निमिष. त्याला साहेब म्हणायचं नाही, अरे-तुरे करायचं. कुटुंब ना! सगळे कानात इअरफोनची बोंडं घालून बसायचे आणि हाताच्या अंतरावरच्या माणसाला निरोप टाइप करून पाठवायचे.

त्या पाचांत एक हर्षला कुलथे. वय चौतीस. तिचं काम काय? एक मसाल्याची कंपनी होती, तिच्या फेसबुकच्या पानावर एक आबा होते. पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा, नुसतं चित्र. लोक त्या आबांना लिहायचे. 'आबा, उद्या माझा पेपर आहे.' 'आबा, सुनेला तुमचं तिखट आवडलं.' आणि आबा उत्तर द्यायचे. आबा म्हणजे कोण? आबा म्हणजे हर्षला.

दिवसाला तीन-साडेतीनशे निरोप. प्रत्येकाला दहा मिनिटांत उत्तर गेलंच पाहिजे, नाहीतर पानावरचा 'लगेच उत्तर देतात' हा शिक्का जातो, आणि शिक्का गेला की निमिषचा चेहरा उतरतो. मग युक्ती काय? उत्तरं आधीच लिहून साठवलेली. अकरा. एकचा आकडा दाबला की आशीर्वाद. चार दाबला की वाढदिवस. आणि ज्याचं काय करावं ते कळत नाही, त्याला सात – 'तुमच्यासारख्यांच्या प्रेमानेच आबांचं पोट भरतं.' ही अकराही उत्तरं हर्षलानेच लिहिलेली, एके काळी, मन लावून.

हसू नका हं. सकाळी जपमाळ ओढताना दूध उतू जातंय का ते बघणारे आपण. आपल्याकडे तरी दुसरं काय आहे? आपली एकशे आठ, तिची अकरा.

आता तिचे वडील. दिगंबर कुलथे, सिन्नरला राहायचे. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते, निवृत्त झाले. आई सहा वर्षांपूर्वी गेलेली. दोन खोल्या, पुढे पायरी, पायरीवर तेलाच्या डब्यात लावलेली जास्वंद. हर्षला एक रविवार सोडून एक रविवार जायची. एरवी फोन. बाबा दुपारी एकला करायचे, म्हणजे जेवणाची सुट्टी असेल म्हणून. ती म्हणायची, "बाबा, एक मिनिट हं, मीटिंगमध्ये आहे." ते म्हणायचे, "सावकाश." मग त्यांनी फोन करणं कमी केलं. निरोप पाठवायचे, ती अंगठा पाठवायची. दिवाळीत त्यांनी विचारलं, "तू ऑफिसात नेमकं करतेस काय गं?"

"बाबा, मी आबा आहे." तिने पान उघडून दाखवलं.

त्यांनी चष्मा सारखा केला. बराच वेळ वाचत बसले. "सगळ्यांना उत्तर देतेस?"

"सगळ्यांना. दहा मिनिटांत."

"वा," म्हणाले. एवढंच.

वामनराव, तबल्याचा ठेका जरा थांबवा. आता पुढचं हळू सांगायचं आहे.

जूनच्या एका सकाळी बाबा गेले. दूधवाल्याने हाक मारली, दार उघडलं नाही. आजारपण नाही, निरोप नाही. हर्षला पोहोचली तेव्हा शेजारणीने ओट्यावरची कणीक झाकून ठेवली होती, भिजवलेली, एका माणसाची.

ऑफिसने काय केलं? फुलं पाठवली. आणि ऑफिसच्या पानावर पोस्ट टाकली – 'आमच्या कुटुंबातल्या हर्षलाच्या वडिलांना श्रद्धांजली.' टाकण्याआधी निमिषने तिलाच विचारलं, "मजकूर बघतेस का? तूच चांगलं लिहितेस." तिने बघितला. एक शब्द दुरुस्त करून दिला. दोनशे चौदा लोकांनी हात जोडले. तेराव्याला ऑफिसातलं एक माणूस आलं – तबस्सुम, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी. आली, पातेली घासली, गेली.

चौदाव्या दिवशी हर्षला कामावर आली. घरी तरी कोण होतं?

तबस्सुम तिला कामाचं सांगत होती. "तुझं पान मी सांभाळलं, सात दाबून दाबून बोट दुखलं. अगं, आणि एक गंमत. तुझे ते जास्वंदवाले काका गायब झालेत."

मंडळी, हे काका म्हणजे ऑफिसची आवडती थट्टा. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल, नाव 'जास्वंद सिन्नर', आणि रोज, रविवार सोडून रोज, दुपारी एकला आबांना एकच प्रश्न – 'डबा खाल्ला का?' मसाल्याच्या चित्राला विचारतात, डबा खाल्ला का! निमिषने त्यांना 'महिन्याचे लाडके ग्राहक' ठरवून फोटो मागितला होता. त्यांनी पाठवला नाही. हर्षलाही हसली होती. ती त्यांना कुठला आकडा दाबायची? सात.

हर्षलाने विचारलं, "कधीपासून गायब?"

"पंधरा दिवस होतील."

तिने ते फूल मोठं करून बघितलं. एरवी ते मुगाच्या दाण्याएवढं दिसायचं. फुलाच्या मागे तेलाचा डबा होता. डब्याच्या मागे खिडकी, तारेने बांधलेला गज. तो गज तिने स्वतः बांधला होता, आठवीत असताना.

 मग ती त्या निरोपांत पार वर जाऊन पहिल्यापासून वाचायला लागली. दिवाळीनंतरचा सोमवार. तेव्हापासून पावणेदोनशे निरोप. आणि तिला आता जगातलं एकच हवं होतं. यातलं एक तरी उत्तर आपलं असावं. आकडा दाबलेलं नाही, हाताने लिहिलेलं. एक.

'डबा खाल्ला का?' – 'तुमच्यासारख्यांच्या प्रेमानेच आबांचं पोट भरतं.' त्याखाली बाबांचं, 'बरं.'

'आज थंडी आहे. स्वेटर घातला का?' – सात. 'बरं.'

'पायरीवरून घसरलो. थोडं खरचटलं. घरी सांगितलं नाही, काळजी करतात.' – सात. 'बरं.'

त्या रविवारी ते लंगडत होते. तिने विचारलं होतं, ते म्हणाले होते, नवा बूट चावतो.

फेब्रुवारी झाला. मार्च झाला. सात, सात, सात. तबस्सुमने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. एप्रिलमध्ये एका दिवशी मात्र ऑफिसचं यंत्र बिघडलं असावं, साठवलेली उत्तरं उघडत नसावीत. त्या दिवशी खाली चारच शब्द होते. खाली आबांचं नाव नाही, फुलांची चित्रं नाहीत.

'एक मिनिट हं. थांबा.'

हे तिचं. हे अकरांत नव्हतं. आणि त्याखाली बाबांनी लिहिलेलं, 'सावकाश. मी आहे.'

त्यापुढे तिचं काही नव्हतं. ते एक मिनिट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा, 'डबा खाल्ला का?'

मंडळी, ती रडली का, ते मला विचारू नका. तिने शेवटच्या निरोपाशी येऊन लिहिलं, 'नाही खाल्ला, बाबा.' आणि पाठवलं. बाबांचा फोन तिच्याच पर्समध्ये होता, बँकेच्या कामासाठी चालू ठेवलेला. तो थरथरला. ऑफिसात कुणाला ऐकू गेलं नाही, सगळ्यांच्या कानात बोंडं.

थोड्या वेळाने निमिष आला, हळू आवाजात म्हणाला, "हर्षला, पानावरून काहीतरी चुकीचं गेलंय. काढून टाकतेस?"

"चुकीचं नाही गेलेलं," ती म्हणाली. "उशिरा गेलंय."

मग तिने डबा उघडला. तीन वाजले होते. भाजी गार झाली होती. तबस्सुमने कानातली बोंडं काढली, खुर्ची जवळ ओढली आणि समोर बसली.

हर्षला अजून तिथेच आहे. आकडे अजून अकराच आहेत, शिक्काही आहे. पण ती आकडा दाबण्याआधी वरचं नाव वाचते. मोठ्याने नाही, मनात. त्याने कधीमधी दहाची अकरा मिनिटं होतात.

आपण म्हणतो, इतकी वर्षं आळवतोय, देव उत्तर देत नाही. अहो, तो उत्तर कसलं देईल, तोच विचारतोय! रोज दुपारी पोटात भूक उठते ना, ती कोणाची चौकशी आहे? आणि आपण त्याला काय पाठवतो? आपलंही साठवलेलं, पाठ झालेलं. तो बिचारा म्हणत असेल, बरं.

आता आरती होईल, प्रसाद होईल. निघताना तुम्ही शेजारच्याला विचाराल, काय, बरं आहे ना? विचाराल, आणि तो तोंड उघडायच्या आत वाकून चप्पल शोधायला लागाल. एवढंच मागते तुमच्याकडे. आज चप्पल कोणी नेत नाही. मिनिटभर उभे राहा. तो काय म्हणतो, ते ऐकून जा.