‘आलोच’चं इंग्रजी

त्या इंग्रजीच्या सरांचं नाव माझ्यापुढं काढू नका गं, लई टाळकं फिरतं! पोरीच्या शाळेतल्या मॅडम इंग्रजीतच बोलतात, म्हणून म्या कळंबला क्लास लावला. एक दिवस एसटी वाटेत रखडली. आपण ‘आलेच’ म्हणतो ना, त्याचंच इंग्रजी करून म्या सरांना फोनवर सांगितलं, “सर, आय हॅव कम!”

क्लासात पोचले, तर सर सगळ्यांसमोर हसायला लागले. “ताई, बसमध्ये बसून ‘हॅव कम’ म्हणतात व्हय? प्रेझेंट परफेक्ट म्हणजे काम पुरं झालेलं पाहिजे, अन् त्याचा परिणाम समोर दिसला पाहिजे!”

सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्याच दिवशी क्लासला कुलूप! आमी सगळ्या उन्हात जिन्यावर बसलेलो. सरांना फोन लावला, तर म्हणाले, “आलोच!” परत लावला. “हे काय, आलोच!” अन् मागं त्यांच्या घरातल्या कुकरची शिट्टी वाजतीय. काल हसलेल्या बायाच आता दातओठ खायला लागल्या. म्या म्हटलं, “उठा गं, स्टँडवर चला.”

आमची बस सुटली अन् सरांचा फोन आला. “ताई, मी आलोय. सगळ्या कुठं गेलात?”

म्या म्हटलं, “वुई हॅव गॉन, सर. काम पुरं झालंय. परिणाम बघा समोर, जिना रिकामा हाय!”