धुऱ्यावरचा समेट

अबे, आपल्याकडे बिनाकामाचं सायकलवर फिरणं सोपं नाही. परवा मेहकरहून डोणगावकडे निवांत निघालो. वाटेत एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाणी प्याले थांबलो. तिथल्या काकानं विचारलं, "कुठी चालले भाऊ?"

"कुठीच नाही काका, असाच फिरून राह्यलो."

काका गंभीर झाला. "घरी भांडण झालं काय?"

"नाही हो!"

"मले नको शिकवू. बायकोले फोन लाव."

लावला. काका तिले म्हणे, "पोरी, माणूस भेटला. आता काही बोलू नको त्याले. जेवू घालून पाठवतो."

पिठलं-भाकर खाऊ घालून काका म्हणे, "जाय आता. राग गेला तिचा."

सकाळी नसलेला राग दुपारी दारातच उभा होता. "गावोगाव काय सांगत फिरता माह्याबद्दल?"