हेब्बाळचं बंद दार

कोणाच्या बापाला न घाबरता मी बातम्या छापल्या, हे तुम्ही शंभरदा ऐकलंय. आज हेही ऐका.

हेब्बाळला विद्यापीठाचं केंद्र उभं राहत होतं, साथीच्या रोगांवर नवी औषधं शोधणारं. उद्घाटन रखडलेलं. मी तावातावाने धडकलो. प्रमुख बाई बेळगावच्या; सगळे त्यांना अक्का म्हणत.

“अक्का, आत काहीच नाही, म्हणून दार बंद ना?”

“स्वल्प थांबा हो, दाराला हात...”

मी चिकटपट्ट्या ओढून दार उघडलंसुद्धा. खोली रिकामी!

“बघा!”

“जंतू आणण्याआधी खोलीतून हवा गळते का, ते चार दिवस तपासत होतो,” अक्का म्हणाल्या. “आता पुन्हा पहिल्यापासून.”

माझी मान खाली गेली. “मग उशिराचं कारण काय छापू?”

“खरं तेच छापा की. तुमच्या नावासकट.”

ती बातमी मी आजवर छापलेली नाही.