नव्याची कणसां

वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर माझ्या बाकावर एकमेकींच्या शेजारणी असलेल्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"फिलू, पिशवेत काय गो?"

"भाताची नवी कणसां. पाद्रीन आज चर्चीत मिसाच्या वेळार आशीर्वाद दिल्यान. भाचो लंडनाक जाता, तेच्या वांगडा थंयच्या माझ्या झिलाक धाडतंय."

"थंय तो काय करता तेंचां?"

"थंयचे लोक कापणीच्या सणाक चर्चीत पाव नि सफरचंदां ठेवतत. माझो झील बापाशीच्या शेतातली कणसां ठेवता."

"तुझो घोव गेलो, तेव्हापासून तुमचां शेत पडीक आसा."

"झिलाक सांगूक नाय."

"मगे ही कणसां खंयची?"

"बांदाच्या पलीकडली, सावित्री. तुझी."

सावित्रीने पिशवीत हात घालून दाणे चाचपले.

"ही पोचट आसत. माका सांगूचां होतां गो, भरलेली काढून दिली असती."